सुभेदारांशी भांडायची सोय

मालकांनी मला सांगलीला पाठवलं ते एका देवमाणसाची चौकशी करायला. चोरांच्या चौकश्या मी केल्या होत्या, दारू पिऊन टेम्पो ओढ्यात घालणाऱ्यांच्या केल्या होत्या. एकदा गोदामातल्या उंदराचीसुद्धा केली होती, कारण केबल तो कुरतडतो की कुणी कापून नेतं यावर दुकानात दोन तट पडले होते. पण ज्याच्याबद्दल कुणाचीच काही तक्रार नाही अशा माणसाची चौकशी करायची पाळी पहिल्यांदाच आली. मी तर एखाद्या लग्नाला निघाल्यासारखी बॅग भरली.

आमचं साताऱ्यात पंपांचं आणि ठिबकचं मोठं दुकान आहे. माणसं नेमायची आणि नेमलेल्या माणसांच्या कुरकुरी ऐकायच्या, हे तिथं माझं काम. मालकांना सगळे हाजीसाहेब म्हणतात. त्यांची दुसरी शाखा सांगलीत विश्रामबागला. तिथले मॅनेजर फौजेतून निवृत्त झालेले, कुंडलचे. त्यांना शेतकऱ्यांपासून पोस्टमनपर्यंत सगळे सुभेदार म्हणत. उंच, पांढऱ्या मिशांचे, आणि आवाज असा मऊ की समोरच्याला वाटावं आपल्याला झोप लागलीय आणि कुणीतरी पांघरूण घालतंय.

अडचण एवढीच होती की या शाखेत माणूस टिकत नव्हता. येत होता, काम शिकत होता, सुभेदारांच्या पाया पडत होता आणि जात होता. पगार साताऱ्याएवढाच, सुट्ट्या साताऱ्याहून जरा जास्तच. साताऱ्यात आमचे मॅनेजर सकाळी शटर वर जाण्याआधीच कुणावर तरी ओरडायला सुरुवात करतात, आणि तिथली माणसं मात्र बाभळीच्या मुळासारखी रुतून बसलेली.

हाजीसाहेबांनी मला समोर बसवलं. चहा मागवला. मग म्हणाले, "सुभेदार सोनं हाय. मग सोन्याजवळ माणूस का थांबंना, हे बघून या. आता आणखी एक जरी गेलं, तर मी सुभेदारांना हितल्या गोदामावर बसवणार. मला वाईट वाटंल. पण बसवणार."

गोदामावर, म्हणजे पाइपांची भेंडोळी आत घ्यायची आणि बाहेर काढायची. कुंडलला घर, ऊस, बायको, आणि रोज मोटारसायकलवरून रुबाबात विश्रामबागला येणारा माणूस. तो साताऱ्यात खोली घेऊन भेंडोळी मोजत बसणार. मला ते चित्र बघवेना. पण खोटं कशाला बोलू, उत्सुकता दुःखापेक्षा मोठी होती.

मी पोचलो त्या दिवशी एका मेकॅनिकचा निरोप चालला होता. हाजीसाहेबांनी गेलेल्यांत ज्याला शेवटचा धरला होता तोच हा गडी, त्यांचा 'आणखी एक' याच्यानंतरचा. काउंटर रिकामा करून त्यावर पेढे ठेवले होते. सुभेदारांनी स्वतःच्या हातानं त्याला फेटा बांधला आणि बोलायला उभे राहिले. भर पावसात दुधगावच्या एका शेतकऱ्याची मोटार या पोरानं कशी विहिरीतून वर काढली, हे त्यांनी असं सांगितलं की मलाही त्या विहिरीत उतरल्यासारखं वाटलं. पोरगा हमसून रडला. काउंटरवरच्या बाई रडल्या. मी कोण कुठला, माझेही डोळे भरले. मी मनात पहिला निष्कर्ष काढून टाकला की ही माणसं निरोपासाठीच नोकरी सोडत असणार. माझ्याबद्दल कुणी असं बोललं असतं तर मीही बॅग न उघडता राजीनामा दिला असता.

दुसऱ्या दिवसापासून मी नोकरी सोडून गेलेल्यांना गाठायला सुरुवात केली. एक मिरजेत खतांच्या दुकानात होता, एक पलूसच्या बाजूला द्राक्षांच्या शीतगृहात. सोडायचं कारण विचारलं की दोघंही तोंड वळवायचे. लांब पडतं, घरची अडचण, वडील नको म्हणाले. मिरजेचा म्हणाला की सुभेदारांसारखा माणूस शोधून सापडायचा नाही. मग मी विचारलं की सापडला होता तर सोडलास का, तेव्हा त्यानं मला उसाचा रस पाजला आणि विषय द्राक्षांच्या भावावर नेला.

तिसरा आमच्या शाखेच्या समोरच, रस्त्यापलीकडे मोटारींचं वाइंडिंग करून देणाऱ्या एका दुकानात होता. तिथला मालक शिवराळ म्हणून अख्ख्या विश्रामबागेत प्रसिद्ध. मी गेलो तेव्हा तो या गड्याला तांब्याच्या तारेवरून जे काही म्हणत होता त्यातला एक शब्दही इथं लिहिण्यासारखा नाही. गडी खाली मान घालून तार गुंडाळत होता, आणि खाली मान घालूनच मालकाला त्याच दर्जाचं उत्तर देत होता. मग दोघांनी मिळून चहा घेतला.

"ह्याच्यापाशी तू किती दिवस हाईस?" मी त्याला बाहेर घेऊन विचारलं.

"लय दिस झालं की."

"आणि सुभेदारांपाशी?"

"एक पावसाळा." तो हसला. "आवं, हितं सकाळी पेटतंय आन् दुपारी इझतंय. सुभेदारांपाशी काय पेटतच न्हाई. मग इझायचं कसं?"

मला हे वाक्य फार आवडलं. अर्थ मात्र कळला नाही. तसं मी कबूल केलं नाही, उलट गंभीरपणे मान हलवली, आणि संध्याकाळी लॉजवर जाताना त्या आनंदात भडंगाची एक पुडी आणि शाखेजवळच्या डेअरीतून वाटीभर बासुंदी घेतली. इथं सांगितलं पाहिजे की मला साखरेचा त्रास आहे. साताऱ्यात बायकोचा पहारा असतो. सांगली हा माझा माहेरपणाचा गाव.

त्यानंतरच्या दिवशी सकाळी बायकोचा फोन आला.

"अहो, काल बासुंदी खाल्लीत म्हणे."

मी खोलीत इकडेतिकडे बघितलं. पंख्याकडेसुद्धा बघितलं. मग ती म्हणाली की तुमच्या सुभेदारांचा फोन होता, किती चांगला माणूस हो, साहेब काल डेअरीत बासुंदी घेताना दिसले, पण दमल्यासारखे वाटले, त्यांच्या जेवणाचं काही पथ्य असेल तर सांगा म्हणाले. तिनं सांगितलं होतं. पथ्य सांगता सांगता माझी पायदुखी, माझं घोरणं आणि गेल्या दिवाळीत मी डॉक्टरांकडे जायचं टाळलं ती हकिगतही सांगितली होती. शेवटी ती सुभेदारांना भाऊ म्हणू लागली होती.

दुपारी शाखेत माझ्यापुढे डबा आला. ज्वारीची भाकरी, मेथी, मूग. सुभेदारांच्या घरून, कुंडलहून, मोटारसायकलवरून आलेला. चहा बिनसाखरेचा. मी भडंगाची पुडी खिशातून काढली तर काउंटरवरच्या बाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी ती परत खिशात घातली. तक्रार कुणाकडे करणार? माणूस माझ्या काळजीनं हे करत होता. बायको खूश होती. माझी साखर खाली येत होती. आणि मला मात्र एकच गोष्ट तीव्रतेनं हवीशी वाटत होती, ती म्हणजे साताऱ्याची पहिली एसटी. कारण विचारलं असतं तर मीसुद्धा सांगितलं असतं की घरची अडचण आहे.

भाकरीचा तुकडा हातात तसाच राहिला आणि मला वाइंडिंगवाल्या गड्याचं वाक्य कळलं.

मग मी शाखेतल्या माणसांना वेगळे प्रश्न विचारायला लागलो. सुभेदार कसे आहेत हे विचारायचं मी सोडून दिलं. तुमच्या घरी ते कधी आले होते, एवढंच विचारलं. आणि काय सांगू, गोणीचं तोंड सुटल्यासारख्या हकिगती सांडायला लागल्या.

नवा माणूस रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात सुभेदार त्याच्या घरी जात. पेढे घेऊन. जमिनीवर बसून जेवत, आईला सांगत की पोरगं हिऱ्यासारखं आहे, आणि घरातल्या वडीलधाऱ्याचा फोन नंबर घेऊन येत. पुढं त्या माणसाचं काही चुकलं तर ते त्याला एका शब्दानंही बोलत नसत. घरी फोन करत. तोही तक्रारीचा नाही. पोरगं गप्प गप्प वाटतंय, झोप नीट होतीय ना, एवढंच. मग संध्याकाळी पोरगं घरी पोचलं की आई दारातच. एकानं आजीच्या आजारपणाचं कारण सांगून मित्रांबरोबर पाचगणी गाठली होती. सुभेदार शहाळी घेऊन आजीला बघायला गेले. आजी अंगणात शेंगा फोडत होती. तिनं शहाळी पिऊन घेतली, नातू मित्रांबरोबर पाचगणीला गेलाय म्हणून कौतुकानं सांगितलं, आणि नातू परत आला तेव्हा सुभेदारांनी त्याला इतकंच विचारलं की पाचगणीला थंडी होती का. त्या पोरानं महिन्याच्या आत नोकरी सोडली. रडत.

ही सगळी मिशा फुटलेली, काहींची लग्नं झालेली माणसं. त्यांची नोकरी दुकानात नव्हतीच. ती त्यांच्या स्वयंपाकघरात चालली होती.

त्या दिवशी दुकान बंद व्हायच्या वेळी काउंटरवरच्या बाई माझ्याशी बोलल्या. शाखेत आता सगळ्यात जुन्या त्याच होत्या. दुरुस्तीला आलेली प्रत्येक मोटार त्यांच्या नजरेखालून जायची आणि शेतकरी दारातूनच "ताई हायत का?" असं विचारत यायचे. त्यांनी मला सरळ सांगितलं की त्या महिनाअखेरीला सोडणार आहेत. अजून कुणाला बोलल्या नव्हत्या.

हाजीसाहेबांचं वाक्य माझ्या कानात वाजलं. आणखी एक जरी गेलं.

त्यांचं म्हणणं असं. दुरुस्तीचा सगळा विभाग आपल्याकडे द्या, असं त्यांनी सुभेदारांना म्हटलं होतं. सुभेदारांना आनंद झाला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, "बघू की बाळा" म्हणाले, आणि संध्याकाळी बाईंच्या सासूबाईंना फोन केला. पोरीला उशीर होईल, नातवंड लहान आहे, तुमची ओढाताण होईल का? सासूबाई म्हणाल्या, होईल. झालं. प्रकरण मिटलं. आणि घरी सासूबाई आजही सांगतात की असा साहेब सात जन्मांत मिळायचा नाही.

"मी भांडू कुणाशी?" बाई म्हणाल्या. "त्यांच्याशी भांडले तर मीच वाईट. सासूबाईंशी भांडले तरी मीच वाईट. त्यापेक्षा पेढे वाटून जाते."

मी सुभेदारांना दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, कोपऱ्यावरच्या हॉटेलात नेलं. ऐकलेलं सगळं सांगितलं, फक्त बाईंचं सोडायचं सांगितलं नाही, कारण ते त्यांचं त्यांनीच सांगायचं होतं. गोदामाचंही सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मिसळीतला रस्सा गार झाला.

"मी कुनाला वाईट बोललो का?" त्यांनी विचारलं.

नाही म्हटलं.

"मग?"

 मी गार रश्श्यात पाव बुडवला. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. ते नवीन भरती झाले होते तेव्हा त्यांच्या पलटणीतले एक साहेब रजेवर या बाजूला आले होते, आणि वाट वाकडी करून कुंडलला त्यांच्या घरी गेले. घोंगडीवर बसले, ताक प्याले आणि त्यांच्या आईला मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं की तुमचा मुलगा चांगला आहे. सुभेदार तेव्हा सरहद्दीवर होते. आई पुढं जगली तोवर गावात कुणी नवीन आलं की तिला ही गोष्ट सांगायची. "म्हातारीनं त्याच्यावर अख्खं आयुष्य काढलं," ते म्हणाले. "मला वाटलं, परत्येकाच्या आईला ते मिळावं."

मी म्हणालो, "सुभेदार, तुमची आई कुंडलला आणि तुम्ही सरहद्दीवर होता. तुमच्या साहेबांनी तुमची बासुंदी नव्हती काढली."

त्यांना हसू आलं नाही. त्यांनी बिल दिलं आणि निघाले. मला वाटलं, गेला हा माणूस गोदामावर.

दुकानात आल्यावर मी बाईंना गाठलं आणि म्हटलं की जायचंच आहे ना, मग पेढ्यांच्या आधी एकदा भांडून बघा. आता काय बिघडणार आहे? त्या म्हणाल्या, मला भांडता येत नाही त्यांच्याशी. मी म्हटलं, कुणालाच येत नाही, तुम्ही सुरुवात करा. हे सांगताना मला, काय सांगू, पडदा वर जायच्या आधी विंगेत उभ्या असलेल्या माणसासारखं झालं होतं.

बाई केबिनमध्ये गेल्या. केबिन कसली, प्लायवूडची भिंत. पलीकडे मेकॅनिक मोटारी खोलत होते. मी ठिबकच्या नळ्यांपाशी उभा राहून नळ्या बघू लागलो. आयुष्यात इतक्या लक्षपूर्वक मी नळ्या पाहिल्या नाहीत.

"बस बाळा. पाणी घे," सुभेदारांचा आवाज.

"पाणी नको. आणि बाळा म्हणू नका." बाईंचा आवाज कापत होता. "विभाग मी मागितला होता. विचारायचं होतं तर मला विचारायचं. माझ्या सासूला का विचारलंत?"

"तुझी वढाताण…"

"ती माझी मी बघते. मी आठवीत न्हाई शिकत सुभेदार. तुमाला द्यायचा नव्हता तर तोंडावर न्हाई म्हणायचं."

पलीकडे नटबोल्टचे पाने खाली ठेवल्याचा आवाज आला. मेकॅनिक थांबले होते.

आणि मग प्लायवूड हादरलं. एवढी वर्षं पांघरूण घालणाऱ्या त्या आवाजाच्या खाली परेड मैदान दडलं होतं, ते एकदम वर आलं. "व्हय, न्हाईच द्यायचा हुता. कवठ्याच्या माणसाला चुकीचं बेअरिंग कुणी धाडलं? तू. त्येचा हंगाम गेला. तासगावची मोटार न तपासता कुणी सोडली? तू. मी जाऊन पाया धरलं लोकांचं. तुला कळू दिलं न्हाई."

आता बाहेर रस्त्यावरच्या माणसांनीही मान वळवली.

"का कळू दिलं न्हाई?" बाईंचा आवाजही आता तितकाच वर होता.

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटू द्यायचं की. वाईट वाटल्याबिगर मी सुधारू कशी? लोकांच्या पाया तुमी पडताय आन् मी हितं हुशार म्हणून मिरवतीय. माझी लाज काढलीत तुमी, सुभेदार. बोलला असता तर एवढी निघाली नसती."

त्यानंतर ते दोघं एकाच वेळी बोलत होते, त्यामुळं मला नीटसं काही ऐकू आलं नाही. कवठे, बेअरिंग, सासूबाई असे शब्द उडत होते. शेवटी दार उघडलं. बाई लाल चेहऱ्यानं काउंटरवर येऊन बसल्या. त्यांनी तासगावच्या त्या शेतकऱ्याला स्वतः फोन लावला, आपण कोण ते सांगितलं, आणि माफी मागितली. मग आत बघून ओरडल्या, "तपासायला दोन माणसं लागतील मला. एका माणसाच्या जिवावर विभाग चालत न्हाई."

आतून ओरडून उत्तर आलं, "एक मिळंल."

"दीड द्या."

एका मेकॅनिकला हसू फुटलं. सुभेदार दारात आले आणि त्याच्याकडे बघून गरजले, "तुला काय झालं रं दात काढायला? त्यो पंप सकाळधरनं तसाच पडलाय." पोरगा चपापला. मग त्यानं असं काही केलं जे त्या शाखेत कुणी केलं नसावं. तो म्हणाला, "सील न्हाई आलं अजून. चार दिस मागतोय मी. तुमीच मागवलं न्हाई." सुभेदारांनी खिशातून वही काढून बघितली. सील खरोखरच त्यांनी मागवलं नव्हतं.

मी साताऱ्याला परत आलो. हाजीसाहेबांना सगळं सांगितलं. भांडणाचा प्रवेश दोन्ही आवाजांत करून दाखवला. त्यांनी तो पुन्हा एकदा करायला लावला. मग म्हणाले की थोडे महिने बघू, गोदाम कुठं पळून चाललं नाही.

बाई राहिल्या. दीड माणूस म्हणजे एक पूर्ण वेळ आणि एक दुपारनंतर, असा तोडगा निघाला. सासूबाईंशी काय झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एक मेकॅनिक मात्र त्यानंतरही गेला. त्याला पुण्याला जास्त पगार मिळाला होता आणि कारण विचारल्यावर त्यानं तेच सांगितलं. मला ते कारण ऐकून फार बरं वाटलं, आणि हाजीसाहेबांनीही तो गोदामाच्या हिशेबात धरला नाही.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा विश्रामबागला जाणं झालं. शाखेजवळ चहाच्या गाड्यावर आमची दोन पोरं उभी होती. त्यांनी मला पाहिलं नव्हतं. एक म्हणत होता, लय तोंड सुटलंय गड्या सुभेदारांचं, काल भर गिऱ्हाइकात बोललं. दुसरा म्हणाला, तू पण काय कमी बोललास का? मग दोघंही वेळ झाली म्हणून दुकानात पळाले. मी त्यांच्या चहाचे पैसे दिले, आनंदाच्या भरात.

आत सुभेदार एकटेच बसले होते. जरा उतरलेले वाटले. मी म्हटलं, सुभेदार, शाखा टिकली, माणसं टिकली, गोदाम टळलं, आता तोंड का असं? त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग हळू आवाजात, त्या जुन्या मऊ आवाजात म्हणाले, "आदी समदी जायची, पर दिवाळीला पाया पडाया यायची. आता कोन जात न्हाई. पाया बी कोन पडत न्हाई. मागनं शिव्या देत्यात, मला ठावं हाय." आणि त्यांनी विचारलं, "ह्यात माणूस म्हणून मी बरा कवा हुतो? तवा का आता?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात बाहेरून बाईंनी हाक मारली की कवठ्याचे पाटील आलेत, तुमच्याशिवाय कुणाशी बोलणार नाही म्हणतात, आणि तुम्ही काल त्यांना कबूल केलेला पाइप काही आपल्याकडे नाहीच. सुभेदार ताडकन उठले. कबूल मी केला न्हाई, तू केलास, असं म्हणत ते बाहेर गेले. काउंटरवर दोघांचं सुरू झालं, पाटील त्यात तिसरे झाले. मी केबिनमध्ये त्यांच्या प्रश्नापाशी बसून राहिलो. अजून कधी कधी बसतो.